जावरच्या डोंगराचा धनी : राणा लाखा



रोहिण्या निघाल्या की कृषी सेवा केंद्रासमोर गर्दी होते. सोयाबीनचं बियाणं घ्यायचं, डीएपीची पोती घ्यायची, आणि निघता निघता दुकानदार एक लहान पिशवी पुढे सरकवतो. तिच्यावर झिंक सल्फेट असं लिहिलेलं असतं. कुणी घेतो, कुणी पुढच्या वर्षी बघू म्हणून सोडून देतो. पण हे झिंक म्हणजे नेमकं काय आणि ते येतं कुठून, हे विचारायला पेरणीच्या घाईत सवड कुणाला असते?

झिंक म्हणजे आपलं जस्त. आजीच्या न्हाणीतली बादली जस्ती होती, गोठ्यावरचा पत्रा जस्ती आहे. देवघरातली समई पितळेची, आणि पितळ म्हणजे तांबं आणि जस्त यांची जोडी. शेजारच्या बिदरची काळी भांडी तुम्ही पाहिली असतील, वर चांदीची नक्षी असलेली. त्या बिदरी भांड्याचं अंगही जवळजवळ सगळं जस्ताचंच असतं.

आपल्या हिंगोली जिल्ह्यात जस्ताची खाण नाही. वसमतपासून सेनगावपर्यंत कुठेही विहीर खणा, काळा पाषाणच लागणार. तो कोट्यवधी वर्षांपूर्वी पसरलेल्या लाव्हाचा खडक. भारताचं जवळजवळ सगळं जस्त येतं ते राजस्थानातून, अरवलीच्या डोंगरांतून. त्यातलं जुनं आणि नामांकित ठिकाण म्हणजे जावर. उदयपूरच्या दक्षिणेला चाळीसेक किलोमीटरवर हे गाव आहे. आणि जावरचं नाव निघालं की सहाशे वर्षांपूर्वीच्या एका राजाचं नाव निघतंच. तो मेवाडचा राणा लाखा.

आज त्याची गोष्ट सांगायची आहे. तुम्ही म्हणाल, राजेरजवाड्यांच्या गोष्टीशी शेतकऱ्याचं आणि ग्रामपंचायतीचं काय देणंघेणं? थोडा धीर धरा. जमिनीतून निघालेला पैसा कुठे घालायचा, हा प्रश्न या राजापुढे होता. तोच प्रश्न आज सरपंचापुढे आणि तुमच्याआमच्यापुढेही आहे.

मोडकं राज्य वाट्याला आलं

राणा लाखाचं पूर्ण नाव लक्षसिंह. चितोडच्या सिसोदिया घराण्यातला हा राजा. कुंभा राणा त्याचा नातू. संत मीराबाई याच घराण्याची सून आणि महाराणा प्रताप याच घराण्याचा पुढचा वंशज. त्यांची नावं आपल्याकडे पोरासोरांना पाठ आहेत, लाखाचं नाव मात्र मागे पडलं.

तो गादीवर आला सुमारे १३८२ साली. आपल्या हिशेबाने सांगायचं तर नरसीच्या नामदेव महाराजांनी १३५० साली समाधी घेतली, त्यानंतर बत्तीस वर्षांनी. नामदेव महाराज उत्तरेत पार पंजाबापर्यंत फिरले. तो काळ उत्तर हिंदुस्थानात किती धामधुमीचा होता, हे त्यावरून ध्यानात घ्या.

चितोडची अवस्था वाईट होती. अल्लाउद्दीन खिलजीने १२९६ साली आपल्या देवगिरीवर चाल केली आणि यादवांचा खजिना उंटाघोड्यांवर लादून नेला, हे मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. त्याच अल्लाउद्दीनने पुढे १३०३ साली चितोडचा किल्ला घेतला. देवळं पडली, वाडे पडले, तळी गाळाने भरली. पुढे लाखाचा आजा हमीर याने किल्ला परत मिळवला, बाप खेता याने राज्य वाढवलं. पण गड हाती येणं वेगळं आणि मोडलेलं घर पुन्हा उभं राहणं वेगळं. घरावरची जप्ती उठली म्हणून लगेच कणगी भरत नाही. तसंच हे होतं. राज्य होतं, मान होता, पण तिजोरीत खडखडाट.

मेवाडची जमीन म्हणाल तर तीही आपल्यासारखी सलग काळी नाही. डोंगर, खडक, मधेमधे खोरी, आणि पाऊस बेभरवशाचा. नुसत्या शेतसाऱ्यावर राज्य उभारायचं म्हटलं असतं तर रयत पार पिळून निघाली असती. अशा वेळी डोंगर मदतीला धावला.

डोंगर उघडला

कर्नल जेम्स टॉड नावाचा इंग्रज अधिकारी १८१८ ते १८२२ या काळात मेवाडात होता. त्याने भाटांच्या पोथ्या आणि जुने कागद गोळा करून राजस्थानचा मोठा इतिहास लिहिला. त्यात तो सांगतो की जावरच्या खाणी लाखा राण्याच्या काळात सापडल्या आणि त्यातून चांदी निघाली.

आता यात एक दुरुस्ती करायला हवी. आपल्या काळात शास्त्रज्ञांनी जावरच्या जुन्या भुयारांतल्या लाकडांचं वय काढलं, तेव्हा ती खाण दोन हजार वर्षांहूनही जुनी निघाली. म्हणजे लाखाने डोंगर पहिल्यांदा शोधला असं म्हणता येत नाही. त्याच्या काळात खाणकामाला नव्याने जोर आला आणि त्याचं श्रेय राजाच्या नावावर लागलं, असं म्हणणं रास्त. गावातही असंच असतं. विहीर खणणारे हात वेगळे, दगडावर नाव वेगळं. या डोंगराळ भागात पूर्वापार राहणारे भिल्ल, बैलांवर माल वाहणारे, कोळसा पाडणारे, भट्टीवर रात्र काढणारे, या कुणाचंच नाव इतिहासात नाही. गोष्ट लाखाची सांगताना या लोकांना विसरून चालणार नाही.

त्या काळी खनिज शोधायचं कसं? यंत्र नाही, नकाशा नाही. डोंगर वाचावा लागे. आपण जसं मातीच्या रंगावरून, झाडाच्या तजेल्यावरून पाणी कुठे लागेल याचा अंदाज बांधतो, तसं. ज्या खडकात धातू असतो त्याच्या डोक्यावर पावसापाण्याने गंज चढतो. लाल, पिवळा, तपकिरी डाग दिसतात. दगड हातात घेतला तर आकाराच्या मानाने जड लागतो. फोडला तर आत चकाकी दिसते. असा दगड सापडला की तिथे खड्डा पाडायचा आणि शिरेच्या मागे मागे आत शिरायचं.

आत शिरणं सोपं नव्हतं. सुरुंगाची दारू तेव्हा नव्हती. खडकाला लाकडं लावून मोठा जाळ करायचा. दगड तापला की त्याला तडे जातात. मग छिन्नी, हातोडा घेऊन तुकडे काढायचे. भुयारात धूर कोंडलेला, हाताशी मिणमिणता दिवा, वर चढायला लाकडाची शिडी. जावरच्या जुन्या खाणींत त्या जाळाच्या खुणा आणि लाकडाचे अवशेष आजच्या माणसांना सापडले आहेत.

खडकातून दोन तऱ्हेचं खनिज निघे. एक शिशाचं, जड आणि चकचकीत. त्याच्यात थोडी चांदी असते. राजाला हवी होती ती ही चांदी, कारण तिचा रोकडा पैसा होतो. दुसरं खनिज तपकिरी, काळपट. ते जस्ताचं. ते मात्र मोठं अवखळ प्रकरण होतं.

धूर होऊन पळणारा धातू

लोखंड काय, तांबं काय, भट्टीत तापवलं की वितळून तळाशी बसतं. जस्ताचं तसं नाही. त्याचं खनिज कोळशाबरोबर भाजलं तर साधारण हजार अंशांच्या पुढे उष्णता लागते, आणि जस्त तर नऊशे सात अंशांवरच उकळून वाफ होतं. म्हणजे धातू मोकळा होतो त्याच क्षणी वाफ बनून निघून जातो. हवा लागली की त्या वाफेची पांढरी राख होते. भट्टी उघडून बघावं तर आत काहीच नाही. जगभरचे धातुकाम करणारे याच ठिकाणी अडले होते.

जावरच्या कारागिरांनी यावर युक्ती काढली. भाताच्या पातेल्यावरचं झाकण उचललं की खालून पाणी टपकतं ना? वाफ थंड जागी गेली की तिचं पाणी होतं. हेच तत्त्व त्यांनी जस्ताला लावलं, फक्त उलटं. वाफ वर न सोडता खाली ओढली.

त्यांनी मातीच्या मुशी केल्या, थेट वांग्याच्या आकाराच्या. भाजलेल्या खनिजाची भुकटी, कोळसा, मीठ आणि शेण यांच्या गोळ्या करून मुशीत भरायच्या. वांग्याच्या देठाच्या जागी मातीची नळी बसवायची. नळीत एक काडी खोचायची, म्हणजे मूस उलटी केली तरी आतला माल सांडत नाही. ताप लागला की काडी जळून जाते आणि वाफेला वाट मोकळी होते. भट्टीत मधोमध भोकांची मातीची जाळी. तिच्यावर अशा ३६ मुशी, सहा ओळी आणि ओळीत सहा, तोंड खाली करून उभ्या करायच्या. वरच्या खणात जाळ, खालच्या खणात गारवा. जस्ताची वाफ नळीतून खाली उतरे, थंड होई आणि भांड्यात थेंब थेंब जमा होई. अशा सात सात भट्ट्या एका रांगेत असत. म्हणजे एका वेळी २५२ मुशी.

हे काम जावरला चौदाव्या-पंधराव्या शतकात मोठ्या प्रमाणावर चालत होतं, म्हणजे लाखाच्या काळाच्या आसपास. युरोपात इंग्लंडच्या विल्यम चॅम्पियनने जस्त गाळण्याच्या पद्धतीचा हक्क नोंदवला तो १७३८ साली, आणि त्याची रीतही वाफ खाली ओढण्याचीच होती. तीनशे-चारशे वर्षं आधी अरवलीतले लोक हे करत होते, तेही शेण आणि माती वापरून. अडाणी म्हणून ज्यांची नावं कुणी लिहिली नाहीत, त्यांचं डोकं केवढं होतं बघा.

पैसा गेला कुठे?

आता मुद्द्याची गोष्ट. खाणीचा पैसा हातात आल्यावर लाखाने काय केलं?

पैसा आला की माणूस चुकतो. हे आपण गावोगाव पाहतो. जमिनीचा मोबदला आला, चार वर्षांत गाडी आली, गाडी गेली, पैसा संपला आणि जमीनही नाही. राजांचंही तसंच. चांदी सापडली की दागिने, हत्ती, लढाया.

लढाया लाखानेही केल्या, त्या काळात त्या कुणाला चुकल्या नाहीत. पण त्याची आठवण राहिली ती दुसऱ्याच कामांसाठी. टॉड लिहितो की खाणीच्या उत्पन्नातून लाखाने अल्लाउद्दीनच्या वेळी पडलेली देवळं आणि वाडे पुन्हा उभे केले, आणि तळी खणली, बांध घातले. काशी, प्रयाग, गया इथे यात्रेकरूंवर कर असे. गयेच्या यात्रेवरचा कर त्याने सोडवला, असाही उल्लेख मेवाडच्या जुन्या लेखनात आहे. म्हणजे खाणीतून निघालेलं धन बऱ्याच अंशी पाण्यात आणि लोकांच्या कामात गेलं.

उदयपूरचं पिछोला तळं तुम्ही चित्रात, सिनेमात पाहिलं असेल. मधे पांढरा महाल असलेलं. उदयपूर शहर वसलं १५५९ साली. तळं त्याच्याआधीचं, लाखाच्या काळातलं मानतात. आणि ते बांधलं कुणी? परंपरा सांगते, धान्याची वाहतूक करणाऱ्या एका बंजाऱ्याने. बैलांचे तांडे घेऊन मीठ-धान्य वाहणारा माणूस. ओढ्याच्या पाण्याने वाट अडायची, तिथे त्याने बांध घातला. पिछोली हे जवळचं गाव, त्यावरून तळ्याचं नाव पडलं.

आपल्या जिल्ह्यात सेनगाव, औंढा, कळमनुरी, कुठेही जा, तांडा लागतोच. तांड्यावरच्या म्हाताऱ्यांना आपले पूर्वज राजस्थानातून लदेणी घेऊन आले हे ठाऊक आहे. गोरमाटी बोलीत आजही तिकडचे शब्द आहेत. तेव्हा पिछोल्याची गोष्ट तांड्यावरच्या पोरांना जरूर सांगा. राजाचा महाल तिथे मागाहून आला, बंजाऱ्याचा बांध आधीचा.

चांदी खर्चून संपली. ती कुणाच्या गळ्यात गेली, कुणाच्या तिजोरीत गेली, आज कुणी सांगू शकत नाही. तळं मात्र सहाशे वर्षांनंतरही पाणी धरून आहे.

एका थट्टेची किंमत

पण राजा झाला तरी माणूसच. एवढा शहाणा राणा एका थट्टेने अडचणीत आला. ही हकीकत भाटांनी सांगितलेली आहे, राजस्थानात ती घरोघर माहीत आहे.

लाखाचं वय झालं होतं. थोरला मुलगा चूंडा युवराज होता, कर्ता होता. मारवाडच्या राठोडांकडून रणमलची बहीण हंसाबाई हिच्यासाठी चूंड्याला मागणी घेऊन नारळ आला. चूंडा तेव्हा दरबारात नव्हता. म्हाताऱ्या राण्याने मिशीवर हात फिरवत हसत म्हटलं की हा नारळ काही आमच्यासारख्या पिकल्या दाढीसाठी नसणार. दरबार हसला, गोष्ट तिथेच संपायला हवी होती.

ती चूंड्याच्या कानावर गेली. त्याने विचार केला, ज्या मुलीबद्दल वडिलांच्या तोंडून थट्टेत का होईना असा शब्द गेला, तिच्याशी मी लग्न कसं करू? त्याने नकार दिला. लाखाने समजावलं, रागावून पाहिलं, मुलगा हटेना. नारळ परत पाठवावा तर राठोडांचा अपमान आणि दोन राज्यांत वैर. शेवटी राण्यालाच त्या मुलीशी लग्न करावं लागलं. अट अशी पडली की तिला मुलगा झाला तर गादी त्याची. चूंड्याने शपथ घेऊन हक्क सोडला. लोक त्याला मेवाडचा भीष्म म्हणतात ते यासाठी.

हंसाबाईला मोकल झाला. पुढे लाखा गयेच्या लढाईला निघाला. परत येऊ की नाही याचा भरवसा नव्हता. निघताना त्याने चूंड्याला विचारलं की धाकट्याला कोणती जहागीर द्यायची. चूंड्याने चितोडची गादी सांगितली आणि त्या लहान पोराला स्वतः पहिला टिळा लावला. त्याबद्दल त्याला दरबारात पहिला मान मिळाला आणि राज्याच्या जमीनदानपत्रांवर त्याच्या भाल्याची खूण उमटायची असं ठरलं. तलाठी आणि ग्रामसेवक मंडळींना यातलं मर्म लगेच कळेल. ज्याने हक्क सोडला, त्याच्या सहीशिवाय जमिनीचा कागद पुरा होत नव्हता.

भाट सांगतात, लाखा गयेच्या लढाईत पडला. इतिहासकार त्याचा मृत्यू सुमारे १४२१ सालचा धरतात. मागे काय झालं? हंसाबाईच्या मनात संशय आला की चूंडा राज्य बळकावेल. चूंडा शब्दही न बोलता मांडूला निघून गेला. राठोडांचा दरबारात जोर वाढला. १४३३ साली मोकलचा खून झाला, त्याचा मुलगा कुंभा लहान. मग त्याच चूंड्याला परत बोलवावं लागलं. १४३८ साली रणमल मारला गेला आणि घर सावरलं. त्यातून कुंभा राण्याचं मोठं राज्य उभं राहिलं.

बापाने पाणी राखलं, लेकाने शब्द राखला. पण एका हलक्या शब्दापायी घराने केवढं सोसलं! चावडीवर, ग्रामसभेत बसणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. खुर्चीवर बसलेल्याची थट्टा कधी नुसती थट्टा राहत नाही.

मोकळ्या मुशींच्या भिंती

लाखानंतर जावर वाढतच गेलं. कुंभा राण्याची मुलगी रमाबाई हिने १४९७ साली तिथे देऊळ आणि कुंड बांधलं. खणणारे, गाळणारे, व्यापारी यांचं ते चांगलं नांदतं गाव होतं. एकदा वापरलेली मूस पुन्हा कामाची नसे. त्यांचे डोंगरासारखे ढीग साचले. लोकांनी त्या मोकळ्या मुशी विटांसारख्या रचून घरांच्या भिंती उभ्या केल्या. अशा भिंती जावरला अजून पाहायला मिळतात.

मग उतरती कळा लागली. अठराव्या शतकाच्या शेवटी मेवाडावर स्वाऱ्यांवर स्वाऱ्या झाल्या. त्यात शिंदे-होळकरांच्या आपल्या मराठी फौजा होत्या, पेंढारी होते. खंडणीपायी मुलूख उजाड झाला. हे आपल्याला ऐकायला गोड वाटणार नाही, पण खरं ते खरं. त्यातच १८१२-१३ चा भीषण दुष्काळ आला. खणणारे लोक परागंदा झाले आणि जावरच्या भट्ट्या विझल्या.

त्यानंतर पाच वर्षांनी टॉड मेवाडात आला. त्याने जावरच्या धातूला जस्त न म्हणता कथील लिहिलं. भट्टीवरची माणसंच उरली नव्हती, विचारणार कुणाला? शेकडो वर्षांची विद्या एका दुष्काळात गेली. पुस्तकात लिहिलेली विद्या पुन्हा वाचता येते, हातात असलेली विद्या माणसाबरोबर जाते.

पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात देशाला शिसं आणि जस्त हवं होतं, तेव्हा भूगर्भशास्त्रज्ञ पुन्हा या डोंगरात आले. त्यांना वाट कुणी दाखवली? जुन्या खड्ड्यांनी, काळ्या भुयारांनी, मुशींच्या ढिगांनी. राजस्थानात पुढे जिथे जिथे जस्ताच्या मोठ्या खाणी निघाल्या, तिथे बहुतेक ठिकाणी जुन्या लोकांचे खड्डे आधीपासून होते. १९६६ साली सरकारने हिंदुस्थान झिंक ही कंपनी काढली. २००२ साली ती खाजगी हातात गेली, जावरचं काम चालूच आहे. १९८० नंतरच्या काही वर्षांत बडोद्याच्या विद्यापीठाने आणि लंडनच्या ब्रिटिश म्युझियमने कंपनीच्या मदतीने तिथे उत्खनन केलं, तेव्हा मुशी जागच्या जागी असलेली भट्टी हाती लागली. १९८८ साली अमेरिकेतल्या धातुशास्त्रज्ञांच्या संस्थेने जावरला जागतिक वारसा म्हणून मान दिला.

आपल्या शिवारातली खाण

आता पुन्हा त्या लहान पिशवीकडे वळू.

पिकाला जस्त लागतं अगदी थोडं, पण लागतंच. १९६६ साली पंतनगरच्या कृषी विद्यापीठात डॉ. य. ल. नेने यांनी दाखवून दिलं की तराई भागात भाताची पानं तांबूस पडून पीक बसतं त्याला कीड नव्हे, जस्ताची कमतरता कारण आहे. तेव्हापासून देशभर या गोष्टीकडे लक्ष गेलं.

आपली काळी जमीन चुनखडीची, विम्ल. तिच्यात जस्त असलं तरी ते बांधलेलं राहतं, मुळांच्या हाती लागत नाही. त्यात आपण वर्षाला दोन-दोन पिकं घेतो, सोयाबीनमागे हरभरा, कुठे ऊस, कुठे हळद. शेणखत कमी झालं. प्रत्येक पोत्याबरोबर थोडं थोडं जस्त शिवाराबाहेर जातं. ही खाणच आहे मंडळी, फक्त ती दिसत नाही. पाटीने नव्हे, पोत्याने उपसली जाते.

कमतरता असली की कोवळ्या पानांत शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा पडतो, पानं लहान राहतात, वाढ खुंटते. पण नुसत्या पानावरून ठरवू नका, लोहाच्या कमतरतेनेही पान पिवळं पडतं. आधी माती तपासा. मातीत उपलब्ध जस्त ०.६ पीपीएमपेक्षा कमी आलं तर साधारण एकरी दहा किलो झिंक सल्फेट जमिनीतून द्यायचं. ते शेणखतात मिसळून द्या. डीएपी किंवा सुपर फॉस्फेटमध्ये कालवू नका, स्फुरदाबरोबर ते अडकून बसतं आणि पैसा मातीत जातो. दर हंगामाला टाकायची गरज नसते, आणि जास्त टाकलं म्हणजे जास्त पिकतं असंही नाही. शंका असली तर तोंडापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा परभणीच्या विद्यापीठात विचारा.

आणि आता सरपंच, ग्रामसेवक मंडळींसाठी दोन शब्द. आपल्या गावात चांदीची खाण नाही, पण मुरूम आहे, वाळू आहे, गौण खनिजाचा पैसा आहे. डोंगर एकदा पोखरला की तो पुन्हा भरत नाही. त्याचा पैसा कमानीत आणि फलकांत घालायचा की पाझर तलावाच्या फुटक्या सांडव्यात, हे तुम्ही ठरवायचं आहे. उन्हाळ्यात तलाव आटला की त्यातला गाळ काढून शेतात टाकला तर दोन कामं होतात. तलाव खोल होतो आणि शिवारातून वाहून गेलेली माती शिवारात परत येते.

लाखा राण्याला जस्त म्हणजे काय हे आजच्या शास्त्राप्रमाणे ठाऊक नव्हतं. भुईतून काढलेलं काही तरी भुईला परत द्यावं लागतं, एवढं मात्र त्याने ओळखलं होतं. त्याने ते तळ्यांच्या रूपाने दिलं. आपण शेणखताने देऊ, गाळाने देऊ, माती तपासून त्या लहान पिशवीतल्या जस्ताने देऊ.

जावरच्या भट्ट्या विझून दोनशे वर्षं झाली, पिछोल्याला अजून पाणी आहे. या उन्हाळ्यात गावच्या तलावावर एक फेरी मारून या, आणि पेरणीआधी मातीचा एक नमुना तपासायला द्या. राम राम!